बेथलेहेमच्या गुहेभोवती बदलत गेलेले चर्च

प्राचीन ख्रिस्ती तीर्थस्थानातील चर्चच्या वास्तुरचनेत काळानुसार घडत गेलेली श्रद्धा कशी दिसते, असे आपण विचारले आहे. मी पॅलेस्टाइनमधील बेथलेहेमच्या जन्मस्थान चर्चच्या आधारे उत्तर देतो. येशूचा जन्म जिथे झाला असे मानले जाते ती गुहा जागची हललेली नाही, पण तिच्याभोवतीची आणि वरची इमारत मात्र पुन:पुन्हा बदलली. भाविकाने त्या जागेच्या किती जवळ जावे आणि कोणत्या वाटेने जावे, याचा विचार प्रत्येक काळाने आपापल्या परीने केला आणि तो दगडात उतरवला, असे माझे मत आहे.

चर्च उभे राहण्याआधीपासून ही गुहा पूज्य होती. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक हुतात्मा जस्टिन तिचा उल्लेख करतो आणि तिसऱ्या शतकात धर्मपंडित ओरिजेन सांगतो की बेथलेहेममध्ये लोकांना ती दाखवली जाते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात तिथे पहिली बॅसिलिका, म्हणजे लांब दालनाचे मोठे चर्च, बांधली गेली आणि 339 मध्ये तिचे समर्पण झाले. खांबांच्या रांगांनी पाच भागांत विभागलेले लांब दालन आणि त्याच्या पूर्व टोकाला, नेमकी गुहेवर, अष्टकोनी वास्तू अशी तिची मांडणी होती. अष्टकोनाच्या मध्यभागी खाली पाहण्यासाठी मोकळी जागा ठेवलेली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रोमन साम्राज्यातील छळाच्या काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ख्रिस्ती समाजाला, ज्या घटनेवर आपला विश्वास आहे ती याच भूमीवर घडली, हे डोळ्यांनी पाहायचे होते, आणि वास्तुरचनाही त्या पाहण्याभोवतीच गुंफलेली होती. मात्र या वैभवाविषयी अस्वस्थता तेव्हाही होती. 386 पासून बेथलेहेममध्ये राहिलेल्या संत जेरोमने एका प्रवचनात खंत व्यक्त केली आहे की बाळ येशूला ठेवले होते असे मानली जाणारी मातीची गव्हाण काढून तिथे चांदीची ठेवली गेली, पण त्याच्या दृष्टीने काढून टाकलेली मातीचीच अधिक मोलाची होती. मंदिर सजवावे की साधे ठेवावे, हा प्रश्न किती जुना आहे हे यावरून कळते.

सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या पुनर्बांधणीत, सर्वांत मोठा बदल झाला. अष्टकोन काढून त्याजागी तीन दिशांना अर्धवर्तुळाकार भाग असलेली प्रशस्त रचना आली, जमीन उंचावली गेली आणि गुहेत उतरण्यासाठी दोन्ही बाजूंनी जिने केले गेले. आता मुख्य वेदी गुहेच्या वर होती, आणि यात्रेकरू एका बाजूने उतरून, जन्मस्थानी गुडघे टेकून, दुसऱ्या बाजूने वर येऊ शकत होता. दुरून पाहण्याच्या जागी स्वतः आत शिरणे आले. शिवाय वर चालणारी उपासना आणि खाली असलेले स्थान एका उभ्या रेषेत आल्यामुळे, एकदा घडलेला जन्म आणि रोजची प्रार्थना यांचा संबंध इमारतीनेच दाखवून दिला. हा बदल मला या वास्तूच्या इतिहासात सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. त्यापूर्वीच्या चर्चची मोझेक (रंगीत तुकड्यांच्या जडावाची) फरशी 1934 च्या उत्खननात सापडली. आज ती सध्याच्या जमिनीखाली, लाकडी झाकणांच्या आड पाहता येते.

बाराव्या शतकात जेरुसलेमवर क्रूसेडरांचे, म्हणजे युरोपातून धर्मयुद्धासाठी आलेल्या ख्रिस्ती योद्ध्यांचे, राज्य असताना रचना फारशी बदलली नाही, पण भिंती आणि खांब बोलू लागले. 1169 मध्ये पूर्ण झालेल्या मोझेकच्या कामाच्या शिलालेखात बायझंटाइन सम्राट मॅन्युएल, जेरुसलेमचा लॅटिन (पश्चिम ख्रिस्ती) राजा आमालरिक आणि बेथलेहेमचा बिशप राल्फ या तिघांचीही नावे आहेत. पूर्व आणि पश्चिम ख्रिस्ती जगातील फूट त्यापूर्वीच पडली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या एकत्र नावांचे मोल कळते. मध्यदालनाच्या भिंतींवर चर्चच्या धर्मपरिषदांचे निर्णय, बहुतांश ग्रीकमध्ये, वास्तूंच्या मोझेक चित्रांसोबत मांडलेले होते, म्हणजे गुहेकडे जाणारा भाविक श्रद्धेची व्याख्या वाचत वाचत पुढे सरकत असे. खांबांवरची संतचित्रे मात्र वेगळ्या प्रकारची आहेत. ती एकेका भक्ताने करवून घेतली, काहींच्या पायाशी गुडघे टेकलेले दाते दिसतात, आणि त्यांत डेन्मार्कचा क्नूट व नॉर्वेचा ओलाफ हे दूर उत्तरेचे संतराजेही आहेत. मला या खांबांसमोर धर्मपरिषदांच्या भिंतींपेक्षा अधिक जिव्हाळा वाटतो.

प्रवेशद्वारात तीन काळ एकावर एक दिसतात. जस्टिनियनच्या काळातील रुंद दाराची आडवी चौकट, तिच्या आत क्रूसेडरांची टोकदार कमान आणि त्याहीखाली आजचे सुमारे चार फुटांचे बुटके दार. घोडेस्वारांना किंवा लुटारूंना आत घुसता येऊ नये म्हणून ते लहान केले, असे परंपरा सांगते. भाविक त्याला नम्रतेचे द्वार म्हणतात. संरक्षणासाठी केलेली गोष्ट पुढे भक्तीचा भाग बनली आणि प्रत्येक यात्रेकरू आज वाकूनच आत येतो.

पुढील शतकांत वाद वाढले आणि तेही वास्तूत उमटले. ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि फ्रान्सिस्कन (कॅथलिक साधुसंघ) या पंथांत चर्चमधील जागा आणि वेळा वाटून दिलेल्या आहेत. गुहेतील चौदा टोकांचा चांदीचा तारा 1717 मध्ये बसवला गेला, 1847 मध्ये नाहीसा झाला आणि 1853 मध्ये नवा बसला. हा तंटा क्रिमियन युद्धाला कारणीभूत ठरलेल्या वादांपैकी एक होता. जिथे कोणतीही दुरुस्ती म्हणजे हक्क सांगणे मानले जाई, तिथे छत दशकानुदशके गळत राहिले. अखेर पॅलेस्टिनी प्रशासनाच्या पुढाकाराने 2013 मध्ये मोठे जीर्णोद्धाराचे काम सुरू झाले. छताचे लाकूड दुरुस्त झाले, मोझेकवरची काजळी काढली गेली आणि 2016 मध्ये भिंतीवरील मोझेकमधल्या देवदूतांच्या रांगेतील, गिलाव्याखाली झाकलेला सातवा देवदूत प्रकाशात आला. 2012 पासून युनेस्कोच्या धोक्यातील जागतिक वारसा स्थळांच्या यादीत असलेले हे स्थान 2019 मध्ये त्या यादीतून बाहेर पडले.