दोन किलोचा तंबू, चार लिटर पाणी

थंडी पडू लागली की मुक्कामी ट्रेकचे बेत ठरतात आणि मला तंबूविषयीचे प्रश्न येऊ लागतात. यंदाचे पाच निवडक प्रश्न असे.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र डिसेंबरात खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणार आहोत. ‘दोन माणसांचा, १.८ किलो’ असा एक तंबू पाहिला आहे. दुसरा ३.२ किलोचा, पण निम्म्या किमतीत मिळतोय. हलक्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत का? (पुणे)

उत्तर : आधी बारदानासकट वजन विचारा. बऱ्याचदा आतला तंबू, आऊटर (म्हणजे वरून घालायचं पाऊस अडवणारं कापड) आणि पोल एवढ्याचंच वजन छापलेलं असतं. पेग (जमिनीत ठोकायच्या खुंट्या), दोऱ्या आणि पिशव्या धरल्या की पाव ते अर्धा किलो सहज वाढतं.

‘दोन माणसांचा’ या शब्दांवरही फार विसंबू नका. दोन माणसं म्हणजे खांद्याला खांदा लावून, कुशीवर न वळता, सॅक बाहेर ठेवून झोपणारी दोन माणसं. एक मॅट ५० ते ६० सेंटिमीटर रुंद असते. १२० सेंटिमीटरच्या तंबूत दोन मॅट पसरल्या की बॅटरी ठेवायलाही जागा राहत नाही. १३०-१४० असेल तर बरं. तुमच्यापैकी कोणी सहा फुटी असेल तर लांबी २१५ च्या पुढे हवी. नाहीतर पाय रात्रभर कापडाला टेकतात आणि पहाटे स्लीपिंग बॅगचं टोक ओलं सापडतं.

जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर ते पोलसाठी घाला. फायबरग्लासचा पोल जड असतो, आणि मोडला की उभा चिरफळतो. त्याची कुसळं अंधारात हातात घुसली की कळतं. अ‍ॅल्युमिनियमचा बहुधा आधी वाकतो, त्यामुळे निदान रात्र निभते. पोलवर सरकवायची दुरुस्तीची छोटी नळी मात्र कुठलाही तंबू घेतलात तरी सोबत असू द्या.

आता हिशेब बघा. दोन तंबूंमधला फरक १.४ किलोचा. एकाने कापड घ्यायचं, दुसऱ्याने पोल आणि पेग. म्हणजे माणशी ७०० ग्रॅम, पाऊण लिटर पाणीही नाही! आणि या चढाईला तुम्ही माणशी तीन-चार लिटर पाणी घेऊन निघणार. गडावर टाकी आहेत. कोणत्या टाक्याचं पाणी सध्या पिण्याजोगं आहे हे निघण्याआधी गावात फोन करून विचारलंत, तर तंबूत वाचेल त्याहून जास्त वजन खांद्यावरून फुकटात उतरेल. वर्षातून दहा-बारा मुक्काम करणाऱ्याने हलका तंबू जरूर घ्यावा. तुमचा हा पहिलाच मुक्काम दिसतो, तर मी म्हणेन विकत घेऊच नका. पायथ्याच्या पाचनई गावची मंडळी गडावर भाड्याने तंबू देतात, वर पिठलं-भाकरीही मिळते. गड अभयारण्यात येतो आणि मुक्कामाचे नियम बदलत असतात, तेव्हा तीही चौकशी त्याच फोनवर करून टाका.

प्रश्न : एकाच कापडाचा हलका तंबू घेतला. आकाश निरभ्र होतं, तरी पहाटे आतून पाणी टपकत होतं. तंबू गळका निघाला का? (ठाणे)

उत्तर : नाही, ते पाणी तुमचंच आहे. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी बाहेर पडतं. निरभ्र रात्री तंबूचं कापड आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. मग बाहेरून दव आणि आतून श्वासाची वाफ, दोन्ही त्याच कापडावर धरतात. ढगाळ रात्री हा त्रास कमी असतो.

दुहेरी तंबूत वाफ जाळीतून निघून आऊटरच्या आतल्या बाजूला धरते, अंगावर पडत नाही. सह्याद्रीतल्या हिवाळ्यासाठी म्हणूनच मला जाळीचा आतला तंबू आणि वर वेगळा आऊटर, हीच जोडी पटते. तुमच्याकडे आहे त्यात करायचं असेल तर थंडी वाजली तरी झरोके उघडे ठेवा. पाण्याच्या अगदी काठावर आणि खोलगटात तंबू लावू नका. थंड, दमट हवा तिथेच साचते. झाडाखाली दव कमी पडतं, पण आधी वर मान करून आग्यामोहोळ नाही ना ते पाहा. आणि उबेसाठी आत स्टोव्ह पेटवणाऱ्यांनो, असं अजिबात करू नका. कापडाला आग लागायची भीती आहेच, पण कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

प्रश्न : चालायच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू एक किलोच्या आत मिळतो. आपल्याकडे चालेल का? (नाशिक)

उत्तर : मातीत चालेल, कातळावर रडवेल. हा तंबू पेगांच्या ताणावरच उभा असतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या माथ्यावर पेग ठोकून पाहा, पेग वाकेल, कातळ नाही. वारा तर कड्याला थडकून खालून वर येतो आणि रात्रीतून दिशाही बदलतो. पोलवर आपला आपण उभा राहणारा घुमटाकार तंबू अर्धा-पाऊण किलो जड असेल, पण निदान उभा तरी राहतो. वाऱ्यासाठी दोऱ्या त्यालाही लागतातच. दोरीचा फास एका लांबट दगडाभोवती घालायचा, तो आडवा ठेवायचा आणि त्याला अडवून पुढे मोठा दगड लावायचा. दगड सुटे पडलेले घ्या. तटबंदीचे, जोत्याचे उपसून आणलेले मी पाहिलेत, आणि अशा लोकांना तंबू विकूच नये असं माझं मत आहे. कड्याची धार सोडून बरंच आत, झुडपांच्या आडोशाला लावा. रात्री लघवीला उठावं लागतंच.

प्रश्न : पावसाळ्यात मुक्कामासाठी किती मिलिमीटरचा वॉटरप्रूफ तंबू घ्यावा? (कल्याण)

उत्तर : त्या आकड्याचा अर्थ, कापड किती उंच पाण्याचा स्तंभ पेलून धरतं. आऊटरला १५०० आणि तळाला ३००० असलं की एरवी भागतं. पण जुलैत माथ्यावर धुवांधार पाऊस आणि वारा असताना प्रश्न कापडाचा उरतच नाही. पायथ्याच्या गावात कुणाच्या पडवीत राहा.

प्रश्न : तीन वर्षं माळ्यावर ठेवलेला तंबू उघडला तर आतून चिकट झालाय, आंबूस वास येतोय. धुऊन जाईल का? (रत्नागिरी)

उत्तर : वास कमी होईल, चिकटपणा जाणार नाही. आऊटरच्या आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा थर दमट, उबदार हवेत विघटित होतो. कोकणातला माळा म्हणजे त्याला आयतंच घर. ओला तंबू गुंडाळून ठेवला असेल तर अजून लवकर. सिलिकॉनचा लेप असलेल्या नायलॉनला हा आजार सहसा होत नाही, पुढच्या वेळी घेताना तेवढं विचारा. तळाचं कापड आणि शिवणीवरच्या पट्ट्याही तपासा, त्याही सुटल्या असतील. आऊटर आता पावसाचा राहिला नाही. पण आतली जाळी आणि पोल शाबूत असतील तर फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या रात्री नुसती जाळी लावून झोपा, डास येणार नाहीत आणि वजनही कमी होईल.