जामीनदार म्हणून सही करण्याआधी

मित्राच्या हळदीच्या कंपनीला जामीन राहतोयस, तर सही करण्याआधी हे वाच. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि बँकेनं निम्म्या रकमेत कर्ज मिटवायची योजना मान्य केली, तरी जामीनदार आपोआप सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २१ मे २०२१ च्या निकालात हे स्पष्ट केलंय. उरलेल्या पैशासाठी बँक थेट सांगलीतल्या तुझ्या घरापर्यंत येऊ शकते. म्हणून हमीपत्रात रकमेची मर्यादा लिहून घेच.

घर तारण असेल आणि सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायचा हक्क बँकेला देणारा कायदा) नोटीस आली, तर ती कपाटात टाकू नकोस. ६० दिवसांच्या आत लेखी हरकत दे, पोच घे. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. ताब्याची कारवाई झाली, तर ४५ दिवसांत पुण्याचं कर्जवसुली न्यायाधिकरण गाठ. शेतजमिनीला या कायद्यातून सूट आहे, पण नुसत्या सातबाऱ्यावर भागत नाही; तिथं खरंच शेती होत असली पाहिजे.