अंकल टुपेलोची वाटणी: वाचकांचे तेच ते प्रश्न

मागच्या वेळी ऑल्ट-कंट्रीवर (म्हणजे अमेरिकन कंट्री संगीत आणि रॉक यांची भेसळ) चार ओळी काय लिहिल्या, इनबॉक्स भरून गेला. निम्म्याहून जास्त मेलमध्ये एकच शंका, फुटलेल्या अंकल टुपेलोचा खरा वारस सन व्होल्ट की विल्को, ती पण कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेली, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: इलिनॉयमधलं बेलव्हिल हे गाव, नदी ओलांडली की सेंट लुईस. तिथल्या जे फारार, जेफ ट्वीडी आणि ड्रमर माइक हायडॉर्न या पोरांनी 1987 मध्ये अंकल टुपेलो हा बँड काढला, चार अल्बम केले आणि 1994 मध्ये फुटले. ट्वीडीकडची मंडळी म्हणजे विल्को, फारारने नवीन काढला तो सन व्होल्ट. आता प्रश्न.

प्रश्न: अंकल टुपेलो ऐकायला कुठून सुरुवात करू?

ॲनोडाइन, त्यांचा शेवटचा अल्बम, 1993.

प्रश्न: 'नो डिप्रेशन' या पहिल्या अल्बमचं नाव डिप्रेशनच्या आजारावरून आहे ना? मला दोन महिने झोप नाही, रात्री तोच लावतो.

नाही. कार्टर फॅमिलीचं 1936 सालचं जुनं भजनासारखं गाणं आहे, त्यातलं डिप्रेशन म्हणजे तेव्हाची महामंदी. यांनी ते 1990 मध्ये गायलं, पुढे 1995 मध्ये त्याच नावाचं मासिक निघालं आणि लोक या सगळ्या संगीतालाच ते नाव लावायला लागले. अल्बम खुशाल लावा, पण दोन महिने झोप नाही म्हणताय तर आधी डॉक्टरला दाखवा. गिटार हा काही इलाज नाही.

प्रश्न: 'मार्च 16–20, 1992' हे काय नाव झालं?

त्या पाच दिवसांत रेकॉर्ड केला म्हणून. जॉर्जियातल्या अथेन्सला, आर.ई.एम. या बँडच्या पीटर बकने निर्मिती केली. सगळीकडे सिएटलच्या ग्रंज रॉकच्या कर्कश गिटारी चालू असताना या पोरांनी बँजो आणि साध्या गिटारी घेऊन खाणकामगारांची जुनी गाणी गायली, हिंमत लागते.

प्रश्न: सन व्होल्ट हाच खरा अंकल टुपेलो आणि विल्को पॉपच्या मागे गेला असं सगळे म्हणतात. मी सन व्होल्टचा 'ट्रेस' घेऊ की विल्कोचा 'ए.एम.'?

'सगळे म्हणतात' वाचलं की माझं डोकं उठतं. सगळे म्हणजे कोण, आणि त्यातल्या किती जणांनी दोन्ही अल्बम सलग ऐकलेत? आधी वाटणी काय झाली ते बघा. जानेवारी 1994 मध्ये फारार म्हणाला मी जातो, 1 मेला सेंट लुईसच्या मिसिसिपी नाइट्स क्लबमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. मागे राहिले ट्वीडी, बेसवाला जॉन स्टिरॅट, ड्रमर केन कूमर आणि फिडल-बँजोवाला मॅक्स जॉन्स्टन, तोच विल्को. म्हणजे घर ट्वीडीकडे राहिलं आणि तो जड, खोल आवाज फारार घेऊन गेला. फारारने मग 1992 मध्येच सोडून गेलेल्या हायडॉर्नला परत बोलावलं आणि जोडीला जिम आणि डेव्ह हे बोक्विस्ट भाऊ घेतले. आता सांगा, खरा कोण? सातबाऱ्यावर दोघांचीही नावं आहेत.

आणि एक गोष्ट त्या व्हिडिओवाल्यांपैकी कोणी सांगत नाही: ॲनोडाइन, ए.एम. आणि ट्रेस, तिन्हींचा निर्माता एकच, ब्रायन पॉलसन. त्यामुळे 'प्रॉडक्शनमुळे वेगळं वाटतं' ही पळवाट बंद, जो फरक ऐकू येतो तो या दोघांचाच. ए.एम. मार्च 1995 चा, ट्रेस त्याच वर्षी सप्टेंबरचा. तेव्हा वाहवा ट्रेसची जास्त झाली, त्यातलं 'ड्राऊन' रॉक रेडिओवर चाललं, ट्वीडी मात्र अजून चाचपडतोय असा सूर होता. मलाही ए.एम. तसाच वाटतो, गोड आहे पण हलका, आणि ट्रेसचं पहिलं गाणं 'विंडफॉल' लागलं की रात्री रिकाम्या हायवेवर एकटे गाडी चालवतोय असं वाटतं. पण म्हणून फारार जिंकला असं नाही ना, 1996 मध्ये विल्कोचा 19 गाण्यांचा 'बीइंग देअर' आला, 1999 मध्ये 'समरटीथ', आणि तोवर सन व्होल्टचे 'स्ट्रेटअवेज' आणि 'वाइड स्विंग ट्रेमोलो' ट्रेसच्या सावलीतून बाहेरच आले नव्हते. गंमत म्हणजे इतकं भांडून दोघं पोचले एकाच आजोबांच्या ट्रंकेपाशी: जुना अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री याचे चाल न लावलेले शब्द घेऊन ट्वीडीच्या विल्कोने इंग्लिश गायक बिली ब्रॅगबरोबर 1998 मध्ये 'मर्मेड अव्हेन्यू' केला, आणि फारारने तेच तीन जणांबरोबर 2012 मध्ये 'न्यू मल्टिट्यूड्स'मध्ये केलं.

माझा खरा राग शफलवर आहे. एक गाणं याचं, एक त्याचं, मध्ये साबणाची जाहिरात, आणि मग म्हणे तुलना केली! लग्नाच्या बुफेत उभ्या उभ्या खाऊन आचाऱ्याला मार्क देण्यातला प्रकार आहे हा. ॲनोडाइन लावा, त्यात दोघं आळीपाळीने गातात आणि ओव्हरडब (नंतर वरून भरलेले आवाज) नाहीत, मग ए.एम., मग ट्रेस, तिन्ही पूर्ण, क्रमाने, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पैसे एकाचेच असतील तर कोणाकडे दोन्ही ऐकून या, मग ठरवा, माझ्या शब्दावर घेऊ नका.

प्रश्न: विल्कोचा 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' अल्बम कंपनीने टाकाऊ म्हणून फेकला आणि त्यात 9/11 ची भविष्यवाणी होती, खरं का?

अर्धं खरं. त्यांच्या रिप्रीज या रेकॉर्ड कंपनीने 2001 मध्ये नाकारला हे खरं, विल्कोने सप्टेंबरमध्ये स्वतःच्या वेबसाइटवर तो ऐकायला ठेवला आणि एप्रिल 2002 मध्ये नॉनसच या दुसऱ्या कंपनीने काढला. मजा अशी की दोन्ही कंपन्यांचा मालक एकच, एओएल टाइम वॉर्नर, म्हणजे एकाच मालाचे पैसे त्या मालकाने दोनदा मोजले. भविष्यवाणी वगैरे काही नाही, रेकॉर्डिंग आधीच झालं होतं आणि कव्हरवरचे दोन टॉवर शिकागोच्या मरिना सिटीचे आहेत.

प्रश्न: एक जण 'नो डिप्रेशन'चं ओरिजिनल फर्स्ट प्रेसिंग (पहिल्या खेपेची रेकॉर्ड) विकतोय, आजच पैसे पाठवा म्हणतो. पाठवू?

नको! 'आजच' म्हणतो तिथेच ओळखा. अंकल टुपेलोचे पहिले तीन अल्बम रॉकव्हिल या कंपनीचे, नंतर हक्क बँडकडे परत आले आणि 2003 मध्ये ते नव्याने निघाले, तेव्हा लेबल कोणाचं आहे ते आधी बघा. शेवटच्या खोबणीनंतर जी कोरी पट्टी असते तिथे नंबर कोरलेला असतो, दोन्ही बाजूंच्या त्या पट्टीचा फोटो मागा, आणि रोज रेकॉर्डींचा धंदा करणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. मी फोटो बघून खात्री देत नाही, कृपया मला पाठवू नका. आणि रंगीत व्हायनल, 180 ग्रॅम, अकरा रेकॉर्डींचा डबा, यातल्या कशानेही गाणं चांगलं होत नाही.

प्रश्न: फारार आणि ट्वीडी परत एकत्र येतील का? तोवर थांबावं म्हणतो, मग सगळं एकदम ऐकेन.

1994 पासून थांबलेले लोक मला माहीत आहेत, त्यांचे केस पांढरे झाले. आज रात्री ऐका.

प्रश्न: हेडफोनवर विल्को ऐकल्यावर डाव्या कानात शिट्टी वाजते, दोन आठवडे झाले. हेडफोन बदलू का?

कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, उद्याच, आणि तोवर हेडफोन बंद. कुठला हेडफोन घ्यायचा ते कानाची तपासणी झाल्यावर मला विचारा, त्याआधी उत्तर देणार नाही.