होडीत रोज पाणी येतं पण गळती सापडत नाही, काय लावावं?

तुम्ही लिहिलंय की १६ फुटी होडी रात्रभर खाडीत नांगरून ठेवली की सकाळी तळात तीन-चार बादल्या पाणी असतं, बाहेरून भोक कुठे दिसत नाही, तर बाजारात यावर लावायला चांगलं काय मिळतं?

काहीही लावू नका. निदान आज तरी. 'काय लावू' या दोन शब्दांनी आमच्या घरात एक वर्ष भांडण चाललं होतं, म्हणून नोकरीची कामं बाजूला ठेवून हे लिहायला बसलोय.

आमची होडी लाकडी, वडिलांची, कर्ली खाडीत देवबागच्या बाजूला असायची. मागून चपटी. वडील ती वल्ह्यांनीच चालवायचे. २००८ च्या नारळी पौर्णिमेनंतर त्यांनी नेहमीप्रमाणे सांधे उकरून नवा कापूस भरला, वरून राळ आणि तेल उकळून ओतलं. त्यानंतर महिन्याभरात थोरले बंधू मुंबईहून इंजिन घेऊन आले. ९.९ हॉर्सपॉवरचं, वजन चाळीस किलोच्या आसपास. मागच्या फळीला आतून एक जाड ठोकळा लावून चार बोल्टांनी आरपार आवळलं. आणि दिवाळीपासून होडीत पाणी यायला लागलं.

घरात निकाल लगेच लागला. बाबांचा हात आता चालत नाही, कापूस सैल भरलाय, लाकूडही जुनं झालंय, विका आणि फायबरची घ्या. निकाल देणारे कोण ते सांगायला नको. मीही तेव्हा दादाच्याच बाजूने होतो, हे आधीच कबूल करतो.

बाबांचं म्हणणं एवढंच होतं, "सांद्यातसून इला तर घामासारख्या येता. ह्या बादलीन येता हा." कोणी ऐकलं नाही. एप्रिलमध्ये होडी वर ओढली आणि सगळे करतात तीच परीक्षा केली. होडी ठोकळ्यांवर ठेवून आत पाणी भरायचं आणि बाहेरून कुठे थेंब येतो ते खडूने खुणावायचं. पठाणाला, म्हणजे तळाच्या मधल्या जाड लाकडाला, लागून असलेल्या पहिल्या फळीच्या सांध्यात पाच-सहा ठिकाणी थेंब दिसले. झालं, पुरावा मिळाला! दादाने खडूच्या खुणांचे मोबाईलवर फोटोसुद्धा काढले.

आता ही परीक्षा चांगलीच आहे, तुम्हीही करा. पण तिच्यात एक खोट आहे जी कोणी सांगत नाही. जेवढ्या उंचीपर्यंत पाणी भराल तेवढ्याच भागाची ती परीक्षा होते. आम्ही चार बोटं भरलं होतं. जास्त भरूही नये, कारण पाण्याचं एक घनमीटर म्हणजे एक टन, आणि जमिनीवर दोन ठोकळ्यांवर टेकलेल्या होडीला बाहेरून पाण्याचा आधार नसतो. सांधे त्या वजनानेच उघडतील आणि नसलेली गळती तुम्हीच तयार कराल. त्यात तीन आठवडे उन्हात पडलेली लाकडी होडी पहिल्या दिवशी गळणारच. लाकूड आकसलेलं असतं, ते पाणी पिऊन फुगलं की एक-दोन दिवसांत सांधे आपोआप मिटतात. म्हणजे आम्ही पाहिलेले थेंब काहीच सिद्ध करत नव्हते.

मे महिन्यात होडी पुन्हा पाण्यात गेली. बादल्या तेवढ्याच. दादाने दोन कांड्या एकत्र मळून करायची पुट्टी ओल्या लाकडावर थापली, ती तिसऱ्या दिवशी खवल्यासारखी सुटून हातात आली. (ओल्या लाकडावर साधी पुट्टी धरत नाही, यात तिचा दोष नाही.)

मग इंजिन सुरू होताना अडखळायला लागलं म्हणून मालवणला मेकॅनिककडे दिलं. आठ दिवस होडी तशीच नांगरलेली. बाबा रोज सकाळी जाऊन बघायचे. पाचव्या दिवशी मला हाक मारून म्हणाले, "मशीन गेला तसा पाणी गेला. बघ." तळ जवळजवळ कोरडा होता.

इंजिन परत आलं त्या रात्री मी एकटाच होडीत बसलो. तळ स्पंजने पुसून कोरडा केला, पाय ठेवायच्या सुट्या फळ्या उचलून बाजूला ठेवल्या आणि सगळीकडे तांदळाचं पीठ भुरभुरवलं. हातात टॉर्च. ही युक्ती सांगून ठेवतो. पाणी जिथून येतं तिथून पिठात ओघळाची वाट उमटते, आणि पाणी साचल्यावर जे दहा दिवस दिसत नाही ते पंधरा मिनिटांत दिसतं. पठाणाजवळच्या सांध्यांवर, ज्यांचे फोटो काढले होते त्या जागी, पीठ कोरडंच राहिलं. ओघळ आला मागून, ठोकळ्याच्या खालच्या कडेखालून.

दादाने बोल्टांची भोकं पाडताना फळीवरच्या जुन्या रंगाची रेषा, म्हणजे पाणी कुठवर येतं ती खूण, पाहून खालची दोन भोकं तिच्या वर दोन बोटं घेतली होती. पण ती रेषा वल्ह्यांच्या दिवसांतली! चाळीस किलो मागे टांगल्यावर होडीचा मागचा भाग बसतो, आणि ती दोन भोकं पाण्याखाली जातात. आतून ठोकळ्याने झाकलेली, त्यामुळे दिसत नव्हती. पाणी ठोकळ्याच्या मागून झिरपून तळात उतरायचं. आणि होडी मागून बसलेली म्हणजे साचायचंही तिथेच, त्यामुळे मागचा तळ नेहमीच ओला. संशय येणार कसा? चार बोटं पाणी भरून केलेली परीक्षा त्या भोकांपर्यंत पोचलीच नव्हती.

बोल्ट काढले तर भोकांभोवतीचं लाकूड काळं आणि मऊ झालेलं. ते खरवडून काढलं, आठवडाभर सुकू दिलं, भोकं मोठी करून इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या रेझिनने) बुजवली, सुकल्यावर त्यातूनच पुन्हा मापाची भोकं पाडली. मग स्टेनलेसचे बोल्ट, मोठे वॉशर, आणि खाली पॉलियुरेथेनचं होडीसाठी मिळणारं सीलंट. बाथरूमचं सिलिकॉन कृपा करून वापरू नका. एकदा ते लागलं की नंतर त्या जागी ना रंग बसतो ना दुसरं सीलंट.

तर तुमच्यासाठी. पहिली गोष्ट, तळातलं पाणी बोटाने चाखून बघा. गोडं लागलं तर ते बहुधा पावसाचं किंवा दवाचं, गळतीचं नाही. खाडीतलं असेल तर खारं किंवा मचूळ लागेल. मग एक रात्र इंजिन काढून होडी ठेवा, एक रात्र इंजिनासकट. एवढ्याने अर्धं उत्तर मिळतं. उभी असताना कोरडी आणि चालवताना भरत असेल तर पाण्याच्या रेषेच्या वरचा भाग बघा, बाहेरच्या पट्टीचे स्क्रू वगैरे. आधी तळातलं पाणी काढायच्या भोकाचं बूच मात्र तपासा, त्याचं रबर वाळून चिरतं आणि माणूस वर्षभर भोक शोधत बसतो.

तुमची होडी लाकडी की फायबरची ते तुम्ही लिहिलंच नाही. 'भोक दिसत नाही' यावरून फायबरची असावी असं वाटतं. तर तळ वाळूवर घासून झिजलेला भाग आणि केसासारख्या चिरा बघा. चिरेभोवती चांगलं रुंद घासून उतार करा, पूर्ण सुकू द्या (दोन थरांमध्ये पाणी अडकलेलं असतं, दिवस लागतात), मग मॅट (काचेच्या तंतूंचं कापड) आणि रेझिनचे थर. इपॉक्सी महाग पडतं पण जुन्या फायबरला जास्त धरतं. मात्र इपॉक्सीवर नंतर साधं पॉलिस्टर रेझिन चढवू नका, ते सुटतं. आणि हे आधी लिहायला हवं होतं: पॉलिस्टर रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून त्यात घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, भडका उडतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच दुसरं. डोळ्यांना चष्मा, घासताना तोंडाला मास्क.

लाकडी असेल आणि सांधा खरंच गळत असेल तर कापूस भरा, पण वाळलेल्या होडीत ठोकून ठोकून भरू नका. फळ्या फुगल्या की त्यांना सरकायला जागा लागते. जागा नसेल तर ताण आतल्या बरगड्यांवर जातो. आमच्या होडीची एक बरगडी त्या मे महिन्यात तडकली. तो कापूस एप्रिलच्या उन्हात मी ठोकला होता, बाबांच्या भरण्यावर विश्वास नव्हता म्हणून. त्यांचा कापूस सैल नव्हता, जेवढा हवा तेवढाच होता. लहान बारीक भोकं असतील तर त्यात तार घालून पाहा, लाकूड पोखरणाऱ्या किड्याचं बाहेरचं तोंड सुईएवढं असतं आणि आत बोटभर पोकळी असते. तसं असेल तर फळीच बदलावी लागते.

दादाचं आजही म्हणणं आहे की त्या वर्षी फळ्या फुगल्या म्हणून पाणी थांबलं, बोल्टांचा संबंध नाही. बाबांच्या देखत तो विषय पुन्हा निघालाच नाही, आणि आता निघण्यासारखा राहिला नाही. ते दोन काळे पडलेले बोल्ट ठाण्याला माझ्या घरी बिस्किटाच्या डब्यात आहेत. गणपतीला गावी जाताना दरवर्षी बॅगेत टाकतो, आणि दरवर्षी तसेच परत आणतो.