बिलिंग काउंटरवरून स्टोअर मॅनेजर होता येतं का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी इचलकरंजीची, बी.कॉम. झालंय आणि कोल्हापूरला एका सुपरमार्केटमध्ये बिलिंगला आहे. मला स्टोअर मॅनेजर व्हायचंय. घरचे म्हणतात दुकानातल्या नोकरीत कसलं करिअर, एमबीए कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. एमबीए न करता जमेल का? आणि काउंटर सोडून नेमकं काय शिकू?

उत्तर: जमेल गं, नक्की जमेल. फ्लोअरवरून वर चढलेले स्टोअर मॅनेजर या लाईनमध्ये भरपूर आहेत, आधी टीम लीडर मग डिपार्टमेंट मॅनेजर मग असिस्टंट आणि मग स्टोअर, नावं कंपनीगणिक बदलतात पण रस्ता साधारण हाच. घरच्यांवर रागावू नकोस. शॉपर्स स्टॉपचं पहिलं दुकान अंधेरीला १९९१ साली आणि डीमार्टचं पवईला २००२ साली सुरू झालं, म्हणजे त्यांच्या तरुणपणी दुकान म्हटलं की मालक आणि नोकर एवढंच होतं, मधे मॅनेजर नावाचं पद त्यांनी बघितलंच नाही.

आता काय शिकायचं ते सांगते. सगळे सेल्सच्या मागे असतात, तू माल शिक. मॅनेजरला सांगून थोडे दिवस रिसिव्हिंगला ड्युटी माग, गाडी आली की ऑर्डर, मालासोबत आलेलं चलान आणि प्रत्यक्ष खोकी जुळतात का, एक्स्पायरी किती लांब आहे, जुना माल रॅकवर पुढे आणि नवा मागे लागतोय का, हे सगळं स्वतःच्या हाताने कर. हे एवढं महत्त्वाचं का, तर समज ९० रुपयांना आणलेली वस्तू आपण १०० ला विकतो आणि एक पीस चोरीला गेला किंवा एक्स्पायर झाला, तर तो तोटा भरून काढायला तसेच नऊ पीस विकावे लागतात, आणि त्यात भाडं, लाईट बिल, पगार धरलेच नाहीत. किराण्यात मार्जिन आधीच बारीक, त्यामुळे श्रिंकेज, म्हणजे चोरी किंवा एक्स्पायरीत वाया जाणारा माल, आटोक्यात ठेवणारा माणूस वरच्यांच्या नजरेत पटकन भरतो असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं म्हणजे आकडे. दिवसात ४०० माणसं आत आली आणि बिलं १२० झाली तर कन्व्हर्जन ३० टक्के, उरलेले २८० रिकाम्या हाताने का गेले? साईझ नव्हती, भाव दिसत नव्हता की लाईन बघून कंटाळले? तू काउंटरवर आहेस म्हणजे लाईन सोडून जाणारे तुलाच आधी दिसतात, ते लिहून ठेव आणि मीटिंगमध्ये बोल. पगाराच्या आठवड्यात किराणा भरायला गर्दी होते तेव्हा किती काउंटर उघडे पाहिजेत याचा हिशेब आत्तापासून करायला लाग. एक्सेल नीट येत नसेल तर तेवढं मात्र लगेच शिक.

त्रासाचंही सांगते. रविवार आणि दिवाळीच्या सुट्ट्या विसराव्या लागतील, दिवसभर उभं राहणं आहे. पण आठवड्याची एक सुट्टी कायद्याने मिळते, आणि महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आस्थापना कायद्यात बाईला रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची सोय लागते, क्लोजिंग ड्युटीची घरी काळजी असेल तर त्यांना हे दाखव.

एमबीए नंतरही करता येईल, एरिया मॅनेजर, म्हणजे भागातली बरीच दुकानं बघणारा, त्याच्या पुढे त्याचा उपयोग होतो, तोवर कर्ज काढून फी भरू नकोस.