वर्म ऑनलाइनमध्ये पदार्थात टाकायच्या ऐच्छिक घटकांचा नेमका उपयोग काय?

आपला प्रश्न असा आहे की, वर्म ऑनलाइन या ऑनलाइन खेळात मित्राने सांगितलेला पदार्थ आपण घटकाला घटक जुळवून तसाच शिजवला, त्याला त्यातून खाणकामाची अ‍ॅफिनिटी (म्हणजे ते कौशल्य काही काळ अधिक वेगाने वाढवणारा लाभ) मिळते आणि आपल्याला मात्र भलत्याच कौशल्याची मिळाली. मग चांगल्या प्रतीचे मसाले आणि भाज्या ऐच्छिक म्हणून आणखी टाकून पाहिल्या, तर ती पुन्हा बदलली, पण हवी ती आली नाही. आपले हात चुकत आहेत की हे सगळे नशिबावर आहे, असे आपण विचारले आहे. दोन्ही नाही. ऐच्छिक घटक हा पदार्थ ‘अधिक चांगला’ करण्यासाठी असतो, असे आपण गृहीत धरले आहे, आणि गोंधळ तिथे आहे. अ‍ॅफिनिटीच्या बाबतीत ऐच्छिक घटक कुलपाच्या आकड्यासारखा चालतो. तो फिरवला की दुसरा आकडा समोर येतो. त्यात वरचा किंवा खालचा असे काही नसते.

2016 साली या खेळातील स्वयंपाकाची संपूर्ण फेररचना झाली आणि आज आपण पाहतो ती पद्धत तेव्हापासूनची आहे. प्रत्येक रेसिपीत घटकांचे गट असतात. काही घटक अनिवार्य असतात. काही गटांतून नेमका एकच निवडायचा असतो. काहींतून किमान एक हवाच असतो आणि त्याहून जास्त चालतात. काहींतून एक किंवा शून्य चालतो. आणि काही गट पूर्णपणे मोकळे असतात, म्हणजे त्यातले काहीही, कितीही टाकले किंवा काहीच टाकले नाही तरी पदार्थाचे नाव बदलत नाही. आपण ज्यांना सरसकट ‘ऐच्छिक’ म्हणता, ते या शेवटच्या दोन-तीन प्रकारांत विखुरलेले आहेत. हा भेद लक्षात घेतला नाही, तर ‘एक किंवा शून्य’ प्रकारच्या गटात दुसरा मसाला टाकला जातो आणि रेसिपी जुळेनाशी होते; मग मनुष्य आपल्या कौशल्याला दोष देत बसतो. भांड्यावर ‘लोर’ (Lore) ही क्रिया केली, तर आतल्या घटकांतून काय होण्याची शक्यता आहे, काय कमी आहे आणि यश किती टक्के आहे, याचा अंदाज खेळ स्वतःच देतो. प्रत्येक नवा घटक टाकल्यावर ती क्रिया करण्याचा कंटाळा करू नये. काही घटक टाकल्याने पदार्थाची काठिण्यपातळीही वाढते, आणि ते आधी कळते ते याच टक्क्यांवरून.

आता मुख्य गोष्ट. शिजलेल्या पदार्थाला खेळ आतल्या आत एक संख्या देतो. ती संख्या घटक कोणते, ते कोणत्या अवस्थेत आहेत, कोणत्या भांड्यात आणि कशावर शिजवले, यांवरून ठरते. त्यामुळे अख्खा कांदा आणि चिरलेला कांदा हे स्वयंपाकाच्या दृष्टीने जवळचे असले, तरी या हिशेबात दोन वेगळ्या वस्तू आहेत. आणि तोच ऐवज भट्टीऐवजी ओव्हनमध्ये शिजवला तरी संख्या बदलते. घटकाच्या क्वालिटीचा मात्र या हिशेबाशी संबंध नाही. आपण निवडून आणलेले उत्तम प्रतीचे मसाले पदार्थाच्या दर्जासाठी उपयोगी पडले असतील, पण अ‍ॅफिनिटी कोणती मिळायची हे त्यांनी ठरवलेले नाही.

दुसरी संख्या खेळाडूची स्वतःची असते. ती त्याच्या पात्राशी कायमची जोडलेली असते आणि बदलत नाही. पदार्थाची संख्या आणि पात्राची संख्या यांची बेरीज जिथे जाऊन थांबते, तिथले कौशल्य त्याला मिळते. सगळी कौशल्ये एका मोठ्या चक्रावर ओळीने मांडली आहेत, अशी कल्पना करावी. म्हणून तोच पदार्थ मित्राला खाणकाम देतो आणि आपल्याला, समजा, सुतारकाम. त्याने आपल्याला चुकीचे सांगितले नाही आणि आपणही चुकीचे शिजवले नाही. आपल्यासाठी तो पदार्थ सुतारकामाचाच राहील. आज, उद्या आणि पुढच्या वर्षीही. यात नशिबाचा भाग शून्य आहे, आणि मला ही पद्धत आवडते ती यासाठीच, कारण एकदा शोधलेले उत्तर पुन्हा शोधावे लागत नाही.

याचा उपयोग असा होतो: घटक बदलल्याने चक्रावर किती पावले सरकली, ते अंतर सर्वांसाठी सारखे असते, फक्त सुरुवातीची जागा वेगळी असते. सर्वांत हाताशी असलेले उदाहरण मिठाचे आहे. पदार्थ खारवलेला असेल, तर अ‍ॅफिनिटी एका पावलाने पुढे सरकते. हव्या असलेल्या कौशल्याच्या अगदी अलीकडे येऊन आपण अडकला असाल, तर पूर्ण पाककृती मोडण्याऐवजी चिमूटभर मीठ पुरते. मी स्वतः हे कळण्यापूर्वी जवळजवळ एक आठवडा नवनव्या भाज्या चिरण्यात घालवला, आणि जी अ‍ॅफिनिटी शोधत होतो, ती पहिल्याच दिवशीच्या पदार्थापासून एका पावलावर होती. त्या चिरलेल्या भाज्यांचे पुढे काय झाले, ते सांगत नाही.

शोध घ्यायचा असेल, तर माझी रीत अशी आहे. ज्या पदार्थात अनिवार्य घटक थोडे आणि मोकळा गट मोठा आहे, असा एक निवडावा; वर काहीही पसरता येणारा पिझ्झा हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे, आणि सँडविचसारखा हलका पदार्थही चालतो. प्रथम तो ऐच्छिक घटकांशिवाय करावा आणि कोणते कौशल्य मिळते, ते लिहून ठेवावे. त्यानंतर प्रत्येक वेळी एकच घटक वाढवावा किंवा बदलावा. बाकी भांडे, आच देणारे साधन, नगांची संख्या आणि घटकांची अवस्था यांना हात लावू नये. आपल्या प्रश्नातल्या वर्णनावरून असे दिसते की, आपण एकाच वेळी तीन मसाले आणि दोन भाज्या बदलल्या आणि शिवाय भांडेही दुसरे घेतले. अशाने उत्तर जरी मिळाले, तरी ते कशामुळे मिळाले हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. मी चाचणीचे नग अगदी लहान करतो. मोठी कढई भरून शिजवण्याची वेळ हवी ती अ‍ॅफिनिटी सापडल्यावर येते, आणि तेव्हा एकाच खेपेत भरपूर करून ठेवणे शहाणपणाचे, कारण एका खेपेतल्या सगळ्या पदार्थाची अ‍ॅफिनिटी एकच असते. अन्न नासते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

चाचणीसाठी प्रत्येक पदार्थ खाऊन पाहण्याची गरज नाही, आणि हे बऱ्याच नव्या खेळाडूंना ठाऊक नसते. शिजलेला पदार्थ ‘एक्झामिन’ केला, म्हणजे खेळातल्या त्या क्रियेने तपासला की, तो आपल्याला कोणत्या कौशल्याविषयी अधिक जाण देऊ शकेल, हे खेळ एका वाक्यात सांगतो. ते वाक्य वाचणाऱ्याच्या पात्रानुसार बदलते. तोच पदार्थ मित्राने तपासला, तर त्याला त्याचे कौशल्य दिसेल. काही साध्या पदार्थांना अ‍ॅफिनिटीच नसते, तेव्हा ते वाक्य आले नाही म्हणून घाबरून जाऊ नये.

मग पुष्कळ ऐच्छिक घटक टाकणारे लोक वेडे आहेत का? तसेही नाही. पदार्थात निरनिराळे घटक किती आहेत आणि तो किती टप्प्यांतून तयार झाला आहे, यावर त्याची गुंतागुंत मोजली जाते, आणि गुंतागुंतीच्या पदार्थातून मिळालेली अ‍ॅफिनिटी जास्त वेळ टिकते. म्हणजे कोणते कौशल्य मिळेल हे घटकांच्या ओळखीवरून ठरते, आणि ते किती वेळ पुरेल यात त्यांच्या वैविध्याचा वाटा असतो. या दोन गोष्टी एकाच कृतीतून साधाव्या लागतात म्हणूनच हे काम किचकट होते: वेळ वाढवण्यासाठी नवा घटक टाकावा, तर कौशल्य सरकते, कौशल्य जागेवर आणण्यासाठी एखादा घटक काढावा, तर वेळ घटतो. यावर मार्ग एकच आहे. आधी भरपूर घटकांचा आणि एखाद-दोन टप्प्यांनी लांबलेला पदार्थ ठरवावा, आणि मग त्यातला एकच घटक पालटत राहावा. कांद्याऐवजी लसूण, अख्ख्याऐवजी चिरलेला, एका मसाल्याऐवजी दुसरा. घटकांची संख्या तीच राहते, गुंतागुंतही फारशी ढळत नाही आणि चक्र मात्र फिरते. साध्या पदार्थापासून सुरुवात करून वर चढण्यापेक्षा हा क्रम मला अधिक लाभदायक वाटला आहे, जरी पहिल्या दिवशी तो जड जातो.

एवढ्या खटाटोपाचे फळ किती, हेही सांगितले पाहिजे. अन्नातून मिळणारी तात्पुरती अ‍ॅफिनिटी त्या कौशल्याच्या वाढीचा वेग 10 टक्क्यांनी वाढवते. जेवढी वाढ एरवी 10 तासांत झाली असती, तेवढी साधारण 9 तास 5 मिनिटांत होते. अर्ध्या तासाच्या कामासाठी कोणी आठवडाभर भाज्या चिरू नयेत. परंतु जे कौशल्य आपण महिनोन्‌महिने वाढवणार आहात, त्याच्यासाठी एकदाच केलेली ही मेहनत वाया जात नाही, आणि म्हणून मी माझ्या रोजच्या कामातल्या तीन-चार कौशल्यांपलीकडे शोध घेतलेला नाही. खेळात शंभराहून अधिक कौशल्ये आहेत. त्या सगळ्यांसाठी पाककृती जमवणारे लोकही मला माहीत आहेत, पण तो एक वेगळाच छंद आहे.

एक व्यावहारिक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. पोट भरलेले असेल, तर खेळ आणखी खाऊ देत नाही. पोट भरून बसलेल्या पात्रापुढे सर्वोत्तम पिझ्झा ठेवला, तरी त्याला अ‍ॅफिनिटी मिळणार नाही. खाणीत उतरण्यापूर्वी म्हणून आधी कोरडे-साधे अन्न पोटभर खाण्याची सवय असेल, तर ती मोडावी आणि पहिला घास अ‍ॅफिनिटीच्या पदार्थाचा घ्यावा. पेयांनाही अ‍ॅफिनिटी असते आणि तहान भुकेपेक्षा वेगळी मोजली जाते, त्यामुळे ज्यांचे पोट नेहमी भरलेलेच असते, त्यांनी शोध पेयांपासून सुरू करायला हरकत नाही. नियम तेच आहेत.

आपल्या मित्राच्या पाककृतीकडे परत येतो. ती टाकून देऊ नका. ती जशीच्या तशी करा, एक्झामिन करून आपले कौशल्य लिहून ठेवा, मग एक नग खारवून पुन्हा एक्झामिन करा. त्यानंतर त्याने खाणकामावरून दुसऱ्या कौशल्यावर जाण्यासाठी कोणता एक घटक बदलला होता, ते त्याला विचारा, आणि तोच बदल आपल्या पदार्थात करून पाहा. त्याचे आणि आपले कौशल्य जुळणार नाही, परंतु त्या बदलाने चक्र किती पावले फिरते, हे आपल्या दोघांसाठी सारखेच असल्यामुळे त्याच्या वहीतली निम्मी मेहनत आपल्याला आयती मिळेल.