‘हेल्दी’ मुलगी

प्रश्न असा आला आहे: “स्थळ सुचवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘मुलगी छान आहे, फक्त जरा हेल्दी आहे.’ निरोगी असणं हा दोष कधीपासून झाला? आणि ‘जाड’ म्हणायचं नसेल तर मराठीत सभ्य शब्द कोणता?”

‘हेल्दी’चा हा अर्थ आपल्याकडचा, हिंदीतही चालणारा. मराठीत त्याची वाट ‘तब्येत’ या शब्दानं आधीच पाडून ठेवली होती. तब्येत मूळ अरबी, म्हणजे स्वभाव, प्रकृती. आपण तिला आरोग्याचा अर्थ दिला आणि त्याच ओघात वजनाचाही. ‘सासरी तब्येत सुधारली हो!’ म्हणजे अंगानं भरली, ‘तब्येत उतरली’ म्हणजे वाळली. १९७२च्या दुष्काळात ज्यांनी सरकारी कामावर खडी फोडून तिथे मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले, त्यांच्या लेखी भरलेलं अंग म्हणजे घरात दाणे असल्याची खूण. ‘खात्यापित्या घरची’ हे कौतुकच होतं. पुढे कौतुकाचा दोष झाला आणि त्यावर ‘हेल्दी’चं पांघरूण आलं.

हे पांघरूण मला ‘जाड’पेक्षा वाईट वाटतं. ऐकणारीला खरा अर्थ कळतोच, वर वजन म्हणजेच आरोग्य हा समजही पक्का होतो. माझी मावशी अंगानं काडी. थकवा येतो म्हणाली की घरात एकच उत्तर, ‘तुला काय धाड भरलीय? बारीक तर आहेस!’ तिचा मधुमेह कळला तेव्हा पायाची जखम महिनाभर चिघळली होती. ते वाक्य मीही बोललेय, म्हणून ‘हेल्दी’ हा शब्द मला जिव्हारी लागतो.

‘जाड’ तसा सरळ शब्द आहे. जाड पोळी, जाड मीठ, जाड भिंगाचा चष्मा. तो बोचतो हाकेत, ‘ए जाडे!’ म्हणून नावाच्या जागी बसतो तेव्हा. ‘लठ्ठ’ पगाराला शोभतो, माणसाला लावला की टोचतो. ‘स्थूल’ सभ्य वाटतो खरा, पण चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या २१व्या अध्यायाचं नावच ‘अष्टौनिन्दितीय’, आणि त्यातल्या आठ निंदित शरीरांत अतिस्थूल आहे. अतिकृश, फार उंच आणि फार बुटकेही आहेत त्यात. तेव्हा संस्कृत शब्द घेतला म्हणून निंदा टळत नाही.

मराठीची एक सोय मात्र इथे वापरावी. आपण ‘मला ताप आलाय’, ‘त्याला मधुमेह आहे’ म्हणतो. माणूस वेगळा, आजार वेगळा. वजनाची गोष्ट आली की एकदम ‘ती जाड आहे’. दवाखान्याच्या कागदावर ‘लठ्ठ रुग्ण’ लिहिण्यापेक्षा ‘रुग्णाला लठ्ठपणा आहे’ लिहावं, किंवा नुसतं ‘वजन ८४ किलो’.

आणि स्थळाचं म्हणाल, तर शिक्षण, नोकरी, उंची सांगून झाली होती, फोटोही पाठवला असेल. ‘मुलगी छान आहे’ इथंच बाईंचं वाक्य पुरं झालं होतं.